रडतराऊताविरुद्ध फिर्याद

इंदूरला रामबागेत आमच्या घरी दर दुसऱ्या रविवारी सकाळी सात-आठ जणं पुस्तकं घेऊन जमतात. पोहे, वर शेव-जिरावण, चहा आणि मग भांडणं. हे प्रकरण त्यातल्याच एका भांडणाचं. ते तीन बैठका चाललं. मधल्या काळात मी टिपणं ठेवली, आणि शेवटी माझंच एक जुनं मत मला मोडीत काढावं लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माणसांची नावं घालत नाही.

फिर्याद

फिर्यादी वय वर्षं सव्वीस, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रात्रपाळी. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात वाचते, त्यामुळे आमच्यात सगळ्यात जास्त वाचन तिचंच. त्या रविवारी आल्या आल्या तिने तीन जाड पुस्तकं टेबलावर अशी आपटली की माझ्या बशीतली शेव उडाली.

"दादा, हे तुमचं तुम्हाला परत. मला या माणसाचं रडणं आता झेपत नाही. नुसता रोंदू आहे!"

पुस्तकं माझीच होती. रॉबिन हॉबची 'फारसीअर' त्रयी: 'अ‍ॅसॅसिन्स अप्रेंटिस' (1995), 'रॉयल अ‍ॅसॅसिन' (1996) आणि 'अ‍ॅसॅसिन्स क्वेस्ट' (1997). ही लेखिका आधी मेगन लिंडहोम या नावाने लिहायची, रॉबिन हॉब हे नाव तिने या मालिकेपासून घेतलं. जादू, राजवाडे, समुद्रावरून येणारे लुटारू, सगळं आहे. पण हे सगळं सांगणारा एकच, फिट्झ. राजपुत्राचा अनौरस मुलगा.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी त्याची कुंडली थोडक्यात. (शेवट फुटणार आहे. पुस्तकाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा तक्रार करू नये.) सहा वर्षांचा असताना आईकडचा आजोबा त्याला सैन्याच्या छावणीत आणून सोडतो. बाप शिव्हलरी, गादीचा वारस. हे मूल उजेडात आल्यावर तो वारसाहक्क सोडून दूर निघून जातो आणि मुलाचं तोंडही न बघता मरतो. या घराण्यात मुलांना गुणांची नावं ठेवतात, शिव्हलरी, व्हेरिटी, रीगल. आपल्याकडे सरदार घराण्यांत धैर्यशील नि सत्यशील असतात तसंच. या मुलाला मात्र कोणी नावच देत नाही. फिट्झ म्हणजे नुसतं 'अमक्याचा पोरगा'. घोड्यांच्या पागेचा मुख्य बरिच त्याला वाढवतो, आजा राजा श्रूड त्याला गुपचूप मारेकऱ्याचं शिक्षण देतो. पहिल्या भागाच्या शेवटी विषप्रयोग, दुसऱ्याच्या सुरुवातीला त्याचे झटके, शेवटी तुरुंग, छळ आणि चक्क दफन. तिसऱ्यात कबरीतून उकरून काढलेला माणूस पुन्हा माणूस व्हायला शिकतो. ज्या मुलीवर जीव होता त्या मॉलीचं लग्न बरिचशी होतं, कारण दोघांनाही वाटतं की फिट्झ मेला. फिट्झची मुलगी बरिचच्या घरी वाढते.

थोडक्यात, बिचाऱ्याला रडायला कारण नाही असं कोणीच म्हणणार नाही. फिर्यादीही म्हणत नव्हती.

पहिली बैठक: सरांचे यशवंतराव

आमच्यात एक निवृत्त इतिहासशिक्षक आहेत, वय ऐंशीच्या आसपास. त्यांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं, पण कुंडली ऐकून ते सरसावले.

"अनौरस राजपुत्र? अगं, तो आपल्याकडे होऊन गेलाय. यशवंतराव होळकर."

पुढची वीस मिनिटं सरांची. वडील तुकोजीराव 1797 साली गेले. त्याच वर्षी पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने सावत्रभाऊ मल्हाररावांना मारलं. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तर तिथे भोसल्यांनी कैदेत टाकलं. तिथूनही निसटले. 1801 मध्ये पुण्यात भावाला, विठोजीला, हत्तीच्या पायी दिलं. बंदुकीच्या अपघातात एक डोळा गेला. "आणि तरी," सर टेबलावर बोट आपटत म्हणाले, "25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळीत हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. 1804 ला इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला पळवलं. रडत बसला का? तुझा हा कोण, हा रडतराऊत आहे. बळेच घोड्यावर बसवलेला."

सगळ्यांना पटलं. मलाही क्षणभर पटलं. मग फिर्यादीच म्हणाली, "पण सर, यशवंतराव रात्री झोपताना काय विचार करत होते, हे कुठे लिहिलंय?"

सर थांबले. म्हणाले, शेवटची वर्षं भानपुऱ्यात बुद्धिभ्रमात गेली, 1811 ला तिथेच वारले. मग चहाचा कप उचलून पुटपुटले, "म्हणजे काहीतरी आत साठलं असणारच."

हा मुद्दा मी टिपणात दोनदा अधोरेखित केलाय. इतिहासातला अनौरस राजपुत्र आपण बाहेरून बघतो. लढाया, तारखा, तह. कादंबरीत त्याच्या डोक्याच्या आत कोंडलेले असतो, हजाराच्या वर पानं, खिडकी बंद. तुलना चुकीची नव्हती, पण तिने फिर्यादीचा प्रश्न सुटला नाही. उलट नीट मांडला गेला. बैठक संपताना सरांनी जाता जाता आणखी एक सोडून दिलं: "असीरगडचा अश्वत्थामा आहे झालं. भेटेल त्याच्याकडे जखमेला तेल मागत फिरतो." बऱ्हाणपूरजवळचा तो किल्ला, तिथल्या महादेवाला अश्वत्थामा अजून पहाटे फूल वाहून जातो अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. आमच्या भागात ही गोष्ट प्रत्येक मामाने भाच्याला सांगितलेली असते. मराठीत तर 'भळभळती जखम' म्हटलं की दुसरं नाव आठवतच नाही.

मी केलेली चूक

इथे माझ्याकडून एक आगाऊपणा झाला, तो नोंदवतो. माझं जुनं मत असं की दुःखी नायकाचा कंटाळा येणं म्हणजे वाचकाचा उतावळेपणा. आणि उतावळेपणामागे बहुधा स्वतःचं काहीतरी ठसठसत असतं. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, सगळं बरं आहे ना? घरी? कामावर?

ती खळखळून हसली. "दादा, माझं एकदम मस्त चाललंय. मी फक्त पुस्तकावर चिडलीय. पुस्तकावर चिडता येत नाही का?"

येतं. पुस्तकाबद्दलच्या तक्रारीला आपण फार लवकर माणसाबद्दलची तक्रार करून टाकतो. मग पुस्तक निर्दोष सुटतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच सुचायला हवी होती. तिन्ही भाग तिने पूर्ण वाचले होते. जो माणूस नकोसा होतो, त्याच्यासोबत कोणी एवढा प्रवास करत नाही.

पुरावा: पेन्सिलीचे 'र'

घरी पुस्तकं उघडली तेव्हा समजलं की तिने समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. जिथे जिथे फिट्झ स्वतःची कीव करतो तिथे एक छोटा 'र'. रडण्याचा र. माझ्या प्रतींवर! पण राग यायच्या आधी मी मोजायला लागलो, आणि मोजणं लवकरच सोडून दिलं, कारण आकड्यापेक्षा जागा बोलत होत्या.

पहिल्या भागात 'र' तुरळक. दुसऱ्यात मधूनच झुबका. तिसऱ्यात काही ठिकाणी मुंग्यांची रांग लागावी तसे वरपासून खालपर्यंत. एका पानावर तीन 'र' आणि खाली दाबून लिहिलेलं: 'अरे जा ना तिच्याकडे!!' इतकं दाबून की कागद मागच्या बाजूला उमटला होता. ते मॉलीबद्दल. फिट्झला जादूच्या स्वप्नांतून ती, तिचं बाळ, बरिच, सगळं दिसत असतं. जाता येत नाही, कारण तो जिवंत आहे हे शत्रूला कळलं तर आधी तिच्यावर संकट येईल. कारण खरं आहे. पण तेच कारण तो स्वतःला पुन्हा पुन्हा समजावतो, आणि तिसऱ्यांदा समजावतो तेव्हा वाचकाचा हात पेन्सिलीकडे जातो. इथे मी पूर्ण फिर्यादीच्या बाजूने आहे. तिसरा भाग सैल आहे. प्रवासातली पन्नासेक पानं कापली असती तरी कोणी विचारलं नसतं.

आता गंमत. काही पानं कोरी होती, आणि ती सुखाची पानं नव्हती. थंडी, उपासमार, जखमा, सगळं तेच. पण त्या प्रत्येक पानावर लांडगा होता.

लांडग्याचं नाव नाइटआईज. फिट्झचं जनावरांशी मन जोडलं जातं. या विद्येला पुस्तकात 'विट' म्हणतात आणि लोक तिची किळस करतात. लांडगा त्याच्याशी मनातल्या मनात बोलतो, आणि फिट्झने कालचं उगाळायला सुरुवात केली की त्याला फटकारतो. लांडग्याला काल आणि उद्या कळत नाही. ससा आत्ता आहे, भूक आत्ता आहे. फिट्झ तेवढाच दुःखी असतो, पण कोणीतरी 'पुरे' म्हणणारं असतं.

आणि 'र'ची सगळ्यात दाट रांग कुठे? तिसऱ्या भागात लांडगा काही काळ रानातल्या टोळीबरोबर निघून जातो, तिथे.

दुसरी बैठक

मी हे मांडलं. फिर्यादीला पटलं, पण तिची पुढची ओळ माझ्यापेक्षा नेमकी होती: "म्हणजे मला त्याच्या दुःखाचा कंटाळा नाही आला. तो एकटा बोलतो त्याचा आला."

मग विषय आपोआप 'मृत्युंजय'कडे गेला. मराठी घरात कर्णाशिवाय दुःखी नायकाची चर्चा पुरी होत नाही. 1967 चं पुस्तक, आणि आमच्यातल्या तिघांच्या घरी अजून आईच्या हातची पुठ्ठा लावलेली प्रत आहे. कर्ण काय कमी सोसतो? जन्मतः टाकलेला, सूतपुत्र म्हणून हिणवलेला, शापांनी वेढलेला. फिट्झचा थोरला भाऊच म्हणा. पण आपल्याला त्याचा वीट येत नाही. का?

उत्तर रचनेत आहे. नऊ प्रकरणांपैकी चार कर्ण सांगतो. बाकी पाच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, प्रत्येकी एक. कर्ण स्वतःला जसा समजतो तसा तो दुर्योधनाला दिसत नाही, वृषालीला तर नाहीच. आपण मधेमधे त्याच्या डोक्यातून बाहेर येतो, अंगणात उभं राहून घराकडे बघतो, पुन्हा आत जातो. फिट्झच्या घराला अंगणच नाही. प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी राज्याच्या इतिहासाचा एखादा तुकडा येतो खरा, पण तो लिहिणाराही बहुतेक वेळा तोच.

एका ताईंनी आक्षेप घेतला: "पण हे लेखिकेने मुद्दाम केलं असेल तर?" रास्त आक्षेप. तोपर्यंत आम्ही सगळे हॉबबाईंना रचना शिकवायला निघालो होतो.

म्हणून मी फिर्यादीला एक काम दिलं. कुठलाही एक प्रसंग घे आणि बरिचच्या तोंडून सांग. लिहू नकोस, बोल.

कुत्र्याचं पिल्लू

तिने निवडलेला प्रसंग पहिल्या भागाच्या सुरुवातीचा. लहान फिट्झची नोझी नावाच्या पिल्लाशी गट्टी जमते. मैत्री नव्हे, विटचीच जोडणी. बरिचच्या लक्षात येतं. त्याच्या दृष्टीने ही विद्या माणसाला जनावर करते, म्हणून तो पिल्लू घेऊन जातो. मनाचा धागा तटकन तुटतो. फिट्झ समजतो, बरिचने त्याला मारून टाकलं. पुढे वर्षानुवर्षं ज्याने जेवू घातलं, कपडे शिवून घेतले, घोड्यावर बसायला शिकवलं, त्याच्याकडे फिट्झ त्या एका संशयातून बघत राहतो. आपणही बघतो, कारण आपल्याला दुसरी नजरच दिलेली नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी, दूर डोंगरी राज्यात, फिट्झला एक म्हातारा कुत्रा भेटतो. नोझी. बरिचने त्याला मारलं नव्हतं, दूर पाठवलं होतं. आणि तोच म्हातारा कुत्रा फिट्झला वाचवताना मरतो.

रात्री अडीच वाजता, रात्रपाळीतूनच असणार, तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. मागे कुठल्यातरी मशीनची घरघर. ती बरिच झाली होती, इंदुरी बरिच:

"मी त्याचं पिल्लू नेऊन दुसऱ्यांना दिलं. चांगल्या घरी दिलं. पोरगं रडलं, मी बघितलं. मला वाटलं दोन दिवसांनी विचारेल, कुठे आहे माझं पिल्लू. मी सांगितलं असतं. दोन दिवस गेले. दोन वर्षं गेली. त्याने विचारलंच नाही हो."

मग बराच वेळ फक्त मशीन. मग तिचा स्वतःचा आवाज: "दादा, तो कधीच विचारत नाही. कोणालाच. पूर्ण तीन पुस्तकांत. मी त्यावर चिडलेय."

हा निरोप मी चार वेळा ऐकला. पहिल्या भागात नोझीच्या पानांवर तिचे 'र' होते. म्हणजे पहिल्यांदा वाचताना तिनेही फिट्झवर विश्वास ठेवला होता, त्याच्याबरोबर बरिचला दोषी धरलं होतं. नोझी परत आला तेव्हा लेखिकेने सरळ सांगून टाकलं होतं की हा सांगणारा वाईटातलं वाईट गृहीत धरून बसतो. पण ते सांगून ती पुढे गेली आणि फिट्झची सवय तशीच ठेवली. तो मॉलीला विचारत नाही, गृहीत धरतो. बरिचला कळवत नाही, गृहीत धरतो. प्रत्येक वेळी वाचक ओरडतो, 'अरे विचार की!' प्रत्येकाच्या नात्यात असा एक मामा किंवा काका असतो, लग्नात कोपऱ्यात बसलेला, कोणी बोलावलं नाही म्हणून न जेवलेला. त्याचं दुःख खोटं नसतं. चीड येते ती ताट समोर असून तो हात पुढे करत नाही याची.

निदान

तिसऱ्या बैठकीत निदान मांडलं ते असं. तक्रार नायकाच्या दुःखाबद्दल नाही. ती दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत: तो विचारत नाही, आणि त्याच्याऐवजी विचारणारं पुस्तकात कायम कोणी हजर नाही. लांडगा असतो तिथे पुस्तक तरतं. राजाचा विदूषक, 'फूल', असतो तिथेही बऱ्याच वेळा तरतं. दोघंही नसतात तिथे फिर्यादी बरोबर आहे.

मला माझं जुनं मत सोडावं लागलं. उतावळेपणा नव्हता. चीड येण्याइतकी ती त्या माणसाच्या जवळ गेली होती, आणि ते हॉबबाईंचंच काम आहे. पण काही पानांवर बाईंनी तो जवळपणा फुकट घालवला, हेही खरं.

एक मुद्दा सुटलाच नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे दगडातून कोरलेले ड्रॅगन आहेत, आणि त्यांत माणूस स्वतःच्या आठवणी ओतू शकतो. फिट्झ आपल्या सगळ्यात दुखऱ्या आठवणी अशाच एका दगडी आकृतीत सोडून देतो. ज्या रडण्याविरुद्ध फिर्याद, ते रडणं लेखिकाच काढून घेते! ताई म्हणाल्या, मग तर तुला बरं वाटलं असेल. फिर्यादी बराच वेळ गप्प होती. म्हणाली, नाही, तिथे मला तो पहिल्यांदा परका वाटला. समासात बघितलं. त्या पानांवर एकही 'र' नाही. एक प्रश्नचिन्ह आहे, तेही अर्धवट.

यावर सगळे एकदम बोलायला लागले, पोहे गार झाले, आणि टिपण इथे तुटलंय.

पुढे काय झालं

फिर्यादीने 'र' खोडून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. तरी तिने माझ्या समोर खोडरबर मागितला, पहिला भाग उघडला, फक्त नोझीच्या पानांवरचे 'र' पुसले आणि पुसट चुरा हाताने झटकला. बाकीचे तसेच ठेवले.

तो भाग मग सरांनी मागितला. "बघू तरी तुमचा रडतराऊत," म्हणाले. इंग्रजी ते हळू वाचतात, जवळ डिक्शनरी ठेवून. समासातल्या खुणा कसल्या, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी, रात्री साडेअकराला, त्यांचा मेसेज आला. ऐंशीच्या घरातला माणूस, एरवी नऊला झोपणारा.

"बरिच ने पिल्लू खरंच मारलं का? फक्त हो की नाही ते सांग."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.